अडगळीतल्या मोबाईल-कॉम्प्युटरवर भजन आणि रेडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देऊळ, वाचनालय, शाळा, किराणा दुकान किंवा वावरातली झोपडी, जिथं रोज काही तास आवाज हवा आहे पण नवं यंत्र घ्यायचं नाही, अशा ठिकाणांसाठी हे पान आहे. विदर्भातल्या खेड्यातली लाईन, ऊन आणि धूळ गृहीत धरूनच उत्तरं दिली आहेत.

इतक्या जुन्या यंत्रावर गाणी नीट वाजतील का?

वाजतील. एमपी३ उलगडून वाजवणं हे फार हलकं काम आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे (पुढे नुसता 'पाय' म्हटलंय). २०१२ सालच्या पहिल्या पायमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर आहे आणि एमपी३ वाजवताना त्यातला थोडासाच खर्च होतो. यंत्र दमतं ते स्क्रीन, ब्राऊझर, अल्बमची चित्रं आणि व्हिडिओ यांनी. म्हणून स्क्रीन काढून टाका, डेस्कटॉप चढवूच नका, आणि यंत्राला फक्त वाजवायचं काम द्या.

गावात असले प्लेअर बंद पडतात ते लाईन, मेमरी कार्ड, घड्याळ आणि उष्णता या चार कारणांनी. प्रोसेसर कमी पडला, अशी तक्रार शंभरात एखादी.

घरात बऱ्याच वस्तू पडून आहेत. कोणती वापरू?

रास्पबेरी पाय असेल तर तोच. कोणताही चालेल. फक्त पाय झिरो, झिरो २ डब्ल्यू आणि पाय ५ यांना हेडफोनची जॅक नसते, त्यांना यूएसबी साऊंड कार्ड किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा आवाज करणारा छोटा बोर्ड) लागतो.

नेटबुक, म्हणजे २००८-०९ च्या सुमारास आलेले छोटे लॅपटॉप, हेही चांगले. त्यांची स्वतःची बॅटरी अजून तासभर टिकत असेल तर लाईन जाण्याचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. ॲटम एन२७० प्रोसेसर असेल तर तो ३२-बिटच आहे. ६४-बिट लिनक्स त्यावर चढत नाही. डेबियन या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर मिळत नाही, त्यामुळे डेबियन १२ किंवा अँटीएक्सची ३२-बिट आवृत्ती घ्या.

जुना डेस्कटॉप घेऊ नका. ८० वॅट खाणारा डबा दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ५८ युनिट होतात. ३ वॅटचा पाय तेवढ्याच वेळात सव्वादोन युनिट घेतो. डेस्कटॉप फुकट मिळाला तरी तो महागच.

यूएसबी पोर्ट असलेला राऊटर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरवर चालणारं लिनक्स) टाकून प्लेअर होऊ शकतो. पण ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या राऊटरच्या नादी लागू नका, त्यात जागाच पुरत नाही. शिवाय अशा बहुतेक राऊटरच्या प्रोसेसरमध्ये दशांशाचं गणित करणारा भाग नसतो. एमपी३ चालतं, कारण त्यासाठी पूर्णांकांवर चालणारं डिकोडर उपलब्ध आहे. इतर फॉरमॅट अडखळू शकतात.

जुना अँड्रॉईड मोबाईल तर प्रत्येकाकडे आहे. तोच लावला तर?

लावा, सगळ्यात सोपं तेच आहे. व्हीएलसी टाकायचं, गाणी कार्डावर टाकायची, जॅकमधून वायर मशीनच्या (म्हणजे ॲम्प्लिफायरच्या) ऑक्स इनपुटमध्ये. तीन गोष्टी मात्र पाळा.

सिम काढा आणि एअरप्लेन मोड लावा. नाहीतर काकड आरती सुरू असताना भोंग्यावर कंपनीच्या फोनची रिंग वाजते.

बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून प्लेअरला वगळा. तसं न केल्यास स्क्रीन बंद झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात अँड्रॉईड प्लेअरलाच झोपवतो, आणि लोक म्हणतात ॲप खराब आहे.

तिसरी गोष्ट बॅटरीची. चोवीस तास चार्जरवर लटकलेल्या फोनची बॅटरी फुगते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत एवढं तापमान दुपारी असतंच. सॉकेटला टायमर लावून चार्जिंग पहाटे दोन तासच द्या. मागचं झाकण वर आलेलं दिसलं की तो फोन त्याच दिवशी काढा. टोचू नका, दाबू नका.

कोणतं सॉफ्टवेअर टाकावं?

पाय आणि नेटबुकसाठी एमपीडी, म्हणजे म्युझिक प्लेअर डीमन. हे मागे गुपचूप चालतं, त्याला स्वतःचा चेहरा नाही. गाणं बदलायचं ते मोबाईलवरून. लाईन फार जात असेल आणि पाय असेल तर पायकोअरप्लेअरचा विचार करा. ते टायनी कोअर लिनक्सवर उभं आहे आणि चालू झाल्यावर पूर्ण रॅममध्ये राहतं. त्याच्यासोबतचा लिरियन म्युझिक सर्व्हर (पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर) मात्र पाय १ वर, म्हणजे पहिल्या पिढीच्या पायवर, रडतखडत चालतो. व्होल्युमिओ दिसायला छान आहे, पण जुन्या पायवर त्याचं पान उघडेपर्यंत चहा होतो. कोडी हे व्हिडिओसाठी आहे. नुसत्या आवाजाला त्याची गरज नाही.

'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' असं येऊन सगळं थांबतं.

पाय १ किंवा पहिला पाय झिरो आहे ना? त्यांचा प्रोसेसर एआरएमव्ही६ आहे. डेबियनची मूळ आर्मएचएफ पॅकेजेस एआरएमव्ही७ साठी बनतात, ती इथं चालत नाहीत. रास्पबेरी पाय ओएसची ३२-बिट लाईट आवृत्तीच टाका आणि एमपीडी तिच्याच भांडारातून घ्या.

एमपीडीत नेमकं काय बदलायचं?

फार नाही. मोबाईल जोडला जात नाही ही सगळ्यांत जास्त येणारी तक्रार, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी एकच: एमपीडीच्या सेटिंग फाईलमधली 'बाइंड टू ॲड्रेस' ही ओळ 'लोकलहोस्ट' वर असते. ती 'एनी' करा, एमपीडी परत सुरू करा, मोबाईलमध्ये यंत्राचा आयपी आणि पोर्ट ६६०० भरा. पासवर्डही ठेवा, नाहीतर वाय-फाय मिळालेलं कोणतंही पोरगं हरिपाठाच्या मध्येच गाणं बदलतं.

गाणी ४४.१ किलोहर्ट्झची असतील तर ती तशीच जाऊ द्या. रीसॅम्पलिंगमध्ये (हा किलोहर्ट्झचा आकडा बदलण्यात) 'बेस्ट सिंक' असं काही निवडलेलं असेल तर जुना प्रोसेसर तिथंच पालथा पडतो. पल्सऑडिओ किंवा पाईपवायर हे मधले आवाजाचे प्रोग्रॅम असतील तर काढा आणि एमपीडीला थेट अल्सावर (लिनक्सच्या मूळ आवाज-यंत्रणेवर) जोडा.

आवाज एचडीएमआयकडे जातोय का तेही पाहा. जॅकमधून काहीच येत नाही म्हटल्यावर पहिली शंका तीच घ्यायची. यूएसबी साऊंड कार्ड असेल तर ते आकड्याने न लिहिता नावाने लिहा; रीबूटनंतर कार्ड ० चं कार्ड १ होऊ शकतं.

लाईन गेली की कार्ड बिघडतं. काय करावं?

लाईन गेल्याने कार्ड बिघडत नाही. ती जाते त्या क्षणी कार्डावर लिहिणं चालू असेल तर बिघडतं. मग उपाय उघड आहे: लिहिणंच बंद करा.

रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये 'ओव्हरले फाईल सिस्टीम' हा पर्याय आहे. सगळं सेट करून, दोन दिवस चालवून पाहून मग तो चालू करा. यानंतर कार्ड फक्त वाचलं जातं, बदल रॅममध्ये होतात आणि लाईन गेली की पुसले जातात. त्यामुळे नवीन गाणी टाकायची तर ओव्हरले बंद करावा लागतो, किंवा गाणी वेगळ्या पेन ड्राईव्हवर ठेवावी लागतात. दुसरं बरं.

इथं एक पेच आहे. एमपीडी कुठपर्यंत वाजलं हे 'स्टेट फाईल'मध्ये लिहून ठेवतं, आणि ओव्हरले लावला की तीही पुसली जाते. दरवेळी पोथी पहिल्या अध्यायापासून! म्हणून पेन ड्राईव्हवर ५०-१०० एमबीचा वेगळा छोटा भाग करून स्टेट फाईल तिथं ठेवा. तो भाग बिघडला तरी नुकसान काही नाही, परत फॉरमॅट करायचा. ही फाईल दर १२० सेकंदांनी लिहिली जाते, त्यामुळे लाईन आल्यावर गाणं फार तर दोन मिनिटं मागून सुरू होतं.

आणि 'रिस्टोअर पॉज्ड' ही ओळ 'येस' करा. ती केली नसेल तर लाईन गेली तेव्हा जे वाजत होतं ते लाईन आल्यावर आपोआप वाजू लागतं. लाईन रात्री दोनला आली तर सगळं गाव जागं होईल.

कार्ड घेताना ते खरं आहे का हेही तपासा. बाजारातल्या स्वस्त ६४ जीबी कार्डात कधी ८ जीबीच असतात. लिनक्सवर एफ३, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतात.

बॅटरीवर किती वेळ चालेल?

१२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी घ्या. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. लेड-ॲसिड अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणजे ४२. १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या बक कन्व्हर्टरमध्ये १५ टक्के जातात, उरले सुमारे ३५. पाय ३ वॅटचा धरला तर साधारण १२ तास. हे फक्त प्लेअरचं गणित आहे; मशीन आणि भोंगा यात नाही.

सहाचं भजन भलत्याच वेळी वाजतं.

साडेअकराला वाजतं का? मग टाइमझोन चुकलाय. यंत्र ग्रीनिच वेळेवर आहे, आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. 'एशिया, कोलकाता' निवडा, झालं.

रोज वेगळ्याच वेळी वाजत असेल तर कारण दुसरं. जुन्या पायमध्ये घड्याळ नाही. इंटरनेट असेल तर वेळ तिथून येते, नसेल तर शेवटची साठवलेली वेळ धरून ते पुढे मोजतं. चार तास लाईन गेली की चार तास मागे. यासाठी डीएस३२३१ हे घड्याळाचं मोड्यूल लावा. वर्षाला साधारण मिनिटभराच्या आत फरक पडतो.

जोडणी अशी: पिन १ वर ३.३ व्होल्ट, पिन ३ वर एसडीए, पिन ५ वर एससीएल, पिन ९ वर ग्राउंड. ५ व्होल्ट देऊ नका, दोन कारणांनी. एक म्हणजे पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. दुसरं, बाजारातल्या बऱ्याच मोड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं आणि त्यात बसवलेली सीआर२०३२ ही चार्ज होणारी बॅटरी नव्हे. ५ व्होल्टवर ती फुगते. मोड्यूल चालू झालं की 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' हे पॅकेज काढून टाका, नाहीतर दोघांची भांडणं होतात.

तडतड, हुंकार किंवा मध्येच तुटतं.

तिन्ही वेगवेगळे रोग आहेत.

मध्येच तुटतं, यंत्र आपोआप रीस्टार्ट होतं: व्होल्टेज. चार्जरवर ५ व्होल्ट लिहिलेले असतात पण पायपर्यंत ते पोहोचत नाहीत. बारीक तारेची एक मीटर यूएसबी केबल जाता-येता ०.४ ओहमच्या आसपास रोध देते, ०.७ अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथंच गळतात. केबल आखूड आणि जाड घ्या. २६ पिनांच्या जुन्या पायवर टीपी१ आणि टीपी२ असे दोन बिंदू आहेत, मल्टिमीटर लावून ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. गावठाण फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोजा, सकाळी नाही.

तडतड: पाय १ वर नेटवर्क आणि सगळे यूएसबी पोर्ट एकाच यूएसबी वाटेनं जातात. वाय-फाय डोंगल, पेन ड्राईव्ह आणि साऊंड कार्ड तिघंही लावले की गर्दी होते. गाणी मेमरी कार्डावर घ्या किंवा नेटवर्क काढा.

सतत हुंकार: अर्थिंगचा फेरा. प्लेअर पॉवर बँकवर चालवून पाहा. हुंकार गेला तर निदान पक्कं. मग प्लेअर आणि मशीन एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिला तर ऑडिओ वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, बाकी काही नाही.

जॅकचा आवाज फुसका येतो.

रास्पबेरी पायची जॅक मुळातच साधी आहे. भोंग्यासाठी पुरते, कारण भोंगाच तेवढा नाजूक ऐकवत नाही. बंदिस्त खोलीत चांगल्या स्पीकरवर ऐकायचं तर पीसीएम५१०२ चा डॅक लावा: पिन १२, ३५ आणि ४०, शिवाय वीज व ग्राउंड. बोर्डावरची एससीके पिन ग्राउंडला जोडायची राहिली की आवाजच येत नाही. २६ पिनांच्या पायवर ३५ आणि ४० या पिनाच नाहीत. तिथं यूएसबी कार्ड लावून मोकळे व्हा.

मशीन आणि भोंग्याला कसं जोडायचं?

प्लेअरची वायर ऑक्समध्ये जाते, माईकमध्ये नाही. माईकचं इनपुट काही मिलीव्होल्टसाठी असतं. तिथं प्लेअर लावला की आवाज फाटतो आणि लोक प्लेअरला दोष देतात.

भोंगा मोनो असतो. डावी आणि उजवी वायर थेट पिळून एकत्र करू नका, दोन्ही बाजू एकमेकींना ओढतात. दोन्हींमध्ये एकेक १ किलो-ओहमचा रेझिस्टर टाकून पुढे जोडा. प्लेअरचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवून बाकी मशीनवरून कमी-जास्त करा.

बेसचा नॉब पूर्ण खाली. भोंग्याच्या युनिटला खालचे सूर वाजवता येत नाहीत, पण ते सूर पडदा हलवतातच, आणि ढोलकीच्या ठेक्यावर पडदा फाटतो. युनिट जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

रात्री वाजवलं तर?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि दिवसाही परवानगी लागते. वेळापत्रक बनवताना ६:०० च्या आधीची नोंद ठेवूच नका.

उन्हाळ्यात बंद पडतं.

पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःला मंद करतो. नुसतं गाणं वाजवताना तो सहसा तिथवर पोहोचत नाही, पण बंद प्लास्टिकच्या डब्यात, टिनाला खेटून, बाहेर ४६ अंश असताना पोहोचू शकतो. डबा कवेलूच्या किंवा टिनाच्या छपरापासून खाली, भिंतीला जमिनीपासून चारेक फुटांवर लावा. पंखा लावू नका. कापसाच्या दिवसांत त्यात रुई भरते आणि तो हवा ढकलायचं सोडून नुसता घरघरतो. नेटबुकला पंखा असतोच. दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी उघडून ब्रशनं साफ करा. डब्याच्या भोकांना मच्छरदाणीची जाळी चिकटवा, पाली आत शिरत नाहीत.

किती गाणी मावतील, कोणत्या फॉरमॅटमध्ये?

१२८ केबीपीएस एमपी३ तासाला सुमारे ५८ एमबी. ३२ जीबीवर पाचशेच्या आसपास तास. कीर्तन, प्रवचन, पोथी मोनोमध्ये ६४ केबीपीएसला निम्म्या जागेत बसतं, आणि भोंग्यावर फरक कळत नाही. सीडीचा मूळ डब्ल्यूएव्ही तासाला सुमारे ६३५ एमबी घेतो; जपून ठेवायला फ्लॅक करा, वाजवायला एमपी३.

मराठी नावं चौकोनी किंवा अगम्य दिसतात.

चौकोन दिसत असतील तर नावं दाखवणाऱ्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही; प्रश्नचिन्हं दिसत असतील तर यूटीएफ-८ लोकेल (भाषा-अक्षरांची सेटिंग) नाही, ते लावा. 'प्रभात' असं दिसण्याऐवजी 'izHkkr' सारखी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर टॅग कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेत. ते सेटिंगनं सुधारत नाहीत, रूपांतर करून परत लिहावे लागतात. फाईलच्या नावापुढे ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्या, म्हणजे दहावा अध्याय दुसऱ्याच्या आधी येणार नाही.

जुन्या फोनवर इंटरनेट रेडिओ लागत नाही, नव्यावर लागतो.

फोन अँड्रॉईड ७.१.१ च्या आधीचा असेल तर त्याच्या यादीत बऱ्याच साईटना लागणारं नवं मूळ प्रमाणपत्र (साईट खरी आहे हे पटवणारं) नाही. तारीख चुकलेली असली तरी हेच होतं, आधी ती पाहा. नागपूर आकाशवाणी ऐकायची असेल तर साधा रेडिओ अजूनही सगळ्यात कमी कटकटीचा. ६४ केबीपीएसचा प्रवाह तासाला २९ एमबी डेटा खातो.

ब्लूटूथ स्पीकर चालेल?

पाय १ मध्ये ब्लूटूथ नाही. ज्यात आहे तिथंही वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच २.४ गिगाहर्ट्झवर असतात, मग आवाज तुटतो. दोन मीटरची वायर घ्या.

वावरात रोही आणि रानडुकरं हाकलायला वापरता येईल का?

येतं, पण अपेक्षा बेताची ठेवा. एकच कुत्र्याचा आवाज दर पाच मिनिटांनी वाजवला तर जनावरं थोड्याच दिवसांत सरावतात. माणसांची आरोळी, डबा वाजवणं, कुत्री, फटाके असे २०-३० तुकडे करा, प्रत्येकानंतर ३ ते १५ मिनिटांच्या शांततेच्या फाईली घाला आणि 'रँडम' लावा. डब्याची जागा दर तीन-चार दिवसांनी बदला. भोंगा नको, पीएएम८४०३ या ५ व्होल्टच्या छोट्या बोर्डावर ४ ओहमचा स्पीकर झोपडीजवळ पुरतो. झटका मशीनची १२ व्होल्टची बॅटरी वापरणार असाल तर बक कन्व्हर्टर बॅटरीच्या टोकांवरून घ्या, कुंपणाच्या तारेजवळून ऑडिओची वायर नेऊ नका. दर झटक्याला 'टक' असा आवाज येतो.

पावसाळ्याआधी काय करावं?

मृगाच्या आधी गडगडाट सुरू झाला की मशीनचा प्लग आणि भोंग्याची वायर दोन्ही काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. कळसावरच्या भोंग्यापासून आलेली वायर विजेचा झटका थेट मशीनमध्ये आणि तिथून ऑक्सच्या वायरीनं प्लेअरमध्ये आणते.